आधी मोजणी, मग परवाना

अमेरिकेतील डॅलस शहरी जानेवारी २०१४ मध्ये एक आगळाच लिलाव झाला. विक्रीस होता तो नामिबियातील एक काळा गेंडा मारण्याचा हक्क. बोली साडेतीन लाख डॉलरांवर थांबली. ही रक्कम नामिबियातील गेंड्यांच्या रक्षणार्थ खर्च होईल, असे आयोजकांनी जाहीर केले होते. परंतु केवळ पैसे मोजून काम भागणार नव्हते. मारलेल्या गेंड्याचे मुंडके मायदेशी न्यावयाचे तर अमेरिकेच्या वन्यजीव खात्याचा आयात-परवाना हवा होता. तो मार्च २०१५ मध्ये मिळाला आणि मे महिन्यात गेंडा मारला गेला.

जो प्राणी नामशेष होऊ घातला आहे असे सरकारच सांगते, त्याचे मुंडके दिवाणखान्यात टांगण्यास त्याच सरकारने अनुमती द्यावी, हे कोणासही विपरीत वाटेल. तथापि अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यानुसार, त्या प्रजातीच्या तगून राहण्यास हातभार लागत असेल तरच असा परवाना देता येतो. म्हणजे परवाना ही धनिक शिकाऱ्यावरची मेहेरबानी नव्हे. एका जिवाच्या मृत्यूने त्याच्या जातीचे भले होईल, असा तो सरकारी दाखला आहे. असा दाखला पुराव्यावाचून देता येणार नाही.

आफ्रिकी देशांची बाजू तुच्छतेने झटकून टाकण्याजोगी नाही. बोट्सवानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. तेथे २०१४ मध्ये शिकारबंदी आली आणि २०१९ मध्ये ती उठली. जर्मनीने आयातीवर कडक निर्बंधांचा विचार चालविताच, वीस हजार हत्ती तुमच्याकडे धाडतो, असे त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष मसीसी यांनी २०२४ मध्ये सुनावले. ज्याचे शेत हत्ती तुडवितो, त्याच्या पदरात काही पडल्यावाचून तो हत्तीचा रक्षक का व्हावा, हा प्रश्न खराच आहे.

परंतु परवान्यांचा कारभार या प्रश्नास साजेल असा चालतो काय? झिम्बाब्वेतील हत्तींच्या संख्येची व संरक्षणाची पुरेशी माहिती मिळत नाही म्हणून अमेरिकेने २०१४ मध्ये तेथील हस्तिदंतादी शिकारचिन्हांची आयात रोखली. नोव्हेंबर २०१७ मध्ये खात्याने ती खुली केली. लोकक्षोभ उसळताच काही दिवसांतच अध्यक्ष ट्रम्प यांनी निर्णय स्थगित केला आणि मार्च २०१८ मध्ये, प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार होईल, असे खात्याने ठरविले. या काही दिवसांत हत्तींची संख्या बदलली नव्हती. बदलला तो फक्त वारा. वाऱ्यावर चालणाऱ्या दाखल्यास दाखला कोण म्हणेल?

या बाबतीत आपला अनुभव बोलका आहे. स्वातंत्र्योत्तर दोन दशके आपणही परकीय चलनाच्या आशेने परदेशी शिकाऱ्यांस वाघ मारू दिले. वाघाच्या शिकारीवर देशव्यापी बंदी आली १९७० मध्ये; आणि पहिली देशव्यापी व्याघ्रगणना झाली ती १९७२ मध्ये. हाती लागले अवघे १,८२७ वाघ. परवाने आधी दिले गेले, मोजणी मागाहून झाली. मिळालेल्या डॉलरांनी किती वाघ वाचले, याचा जमाखर्च कोणी ठेवला नाही. संस्थानी वाड्यांतील पेंढा भरलेली मुंडकी त्या काळाची साक्ष देतात.

आमच्या मते, भारतासारखी संपूर्ण बंदी प्रत्येक देशावर लादण्याचा अधिकार दूरस्थांस नाही. मात्र जो देश मुंडके आत घेतो, त्याने तीन प्रश्नांची उत्तरे अर्जदाराकडून घेतलीच पाहिजेत : कळपात प्राणी किती, मोजले कोणी, आणि पैशांतील किती वाटा त्या रानाकाठच्या गावास पोचला? ही उत्तरे जनतेसमोर ठेवावीत. ती नसतील तर परवाना नाकारावा. संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, हा न्यायालयाचा नियम आहे. रानात तो बंदूकधाऱ्यास नव्हे, प्राण्यास मिळाला पाहिजे.