डोंगर चढणारे पाणी

पाणी उताराकडे वाहते हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण उत्तर इंग्लंडमध्ये असा एक जलमार्ग आहे, जिथे होड्या चक्क डोंगर चढतात आणि पलीकडच्या बाजूने उतरतात. त्याचे नाव लीड्स-लिव्हरपूल कालवा. मध्ये पेनाइन डोंगरांची रांग आडवी पडलेली आहे. कालवा ती ओलांडतो, तोही पंपाने पाणी वर ओढून नव्हे, तर दारे उघडून आणि दारे लावून.

हा कालवा सुमारे २०४ किलोमीटर लांब आहे. खोदकाम १७७० मध्ये सुरू झाले आणि मुख्य मार्ग पूर्ण झाला १८१६ मध्ये. म्हणजे ४६ वर्षे! ज्यांनी पहिली कुदळ मारली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली होडी पाहायला मिळाली नसेल.

आज या पाण्यावर नॅरोबोट नावाच्या होड्या दिसतात. रुंदी जेमतेम सात फूट, म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्याहूनही कमी. लांबी मात्र पन्नास-साठ फूट. आत एकामागे एक बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची जागा. कुटुंबे आठवडाभरासाठी होडी भाड्याने घेतात. चालवायला परवाना लागत नाही; होडीवालेच निघण्यापूर्वी शिकवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, एवढे अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. वेगाची मर्यादा ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास. काठावरून चालणारी मुले होडीबरोबर गप्पा मारत जाऊ शकतात. ती पायवाट मुळात घोड्यांची. इंजिने येण्यापूर्वी घोडेच दोराने होड्या ओढत.

हा कालवा कुणी सहलीसाठी खोदला नव्हता. कोळसा, चुनखडी, लोकर आणि कापूस वाहून नेण्यासाठी तो झाला. गिरण्या त्याच्या काठाने उभ्या राहिल्या, कारण कोळसा दारात येई आणि वाफेच्या यंत्रांना पाणी मिळे. इथे आपला संबंध येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबला. लँकशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगारांच्या चुली विझल्या. तेव्हा मुंबई बंदरातून आपल्याकडचा कापूस इंग्लंडला मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. याच कालव्यावरच्या ब्लॅकबर्न शहरात हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात. त्या स्वस्त कापडाने आपल्या हातमागवाल्यांचे काय केले, हे मालेगाव-भिवंडीतल्या विणकर घरांना वेगळे सांगायला नको. १८५७ नंतर त्यांचे कितीतरी पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून इकडे आले, त्यामागे हेही एक कारण होते. आणि दैव पाहा, पुढे १९६० च्या दशकात त्याच लँकशायरच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला भरूच, सुरत आणि मीरपूरकडचे लोक गेले. आज त्या गिरण्यांची चाके थांबली आहेत. कालवा मात्र चालू आहे.

आता मूळ प्रश्न: होडी चढते कशी? कालव्यावर ९१ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारे असलेला दगडी हौद. खालून आलेली होडी हौदात शिरते आणि मागचे दार लावले जाते. मग लोखंडी दांडा फिरवून वरच्या बाजूच्या झडपा हळूहळू उघडायच्या. वरचे पाणी आत येते आणि होडीला अलगद उचलते. आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आले की पुढचे दार उघडते. थोडा जरी फरक राहिला, तरी चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी जोर लावूनही ते हलत नाही. पातळी जुळली की एकटी बाई पाठ टेकवून ते उघडते. तिथे जोर चालत नाही, सब्र चालतो.

उतरताना जास्त सांभाळावे लागते. वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना होडीची मागची बाजू त्यावर टेकली, तर पुढचे टोक खाली जाऊन होडी बुडू शकते. म्हणून एकाने झडपेजवळच उभे राहायचे आणि होडीवरची नजर हलवायची नाही.

बिंग्ली गावात तर असे पाच हौद एकाला एक जोडून आहेत. खालच्याचे वरचे दार तेच वरच्याचे खालचे दार! १७७४ पासून ते चालू आहेत आणि होडीला सुमारे १८ मीटर वर नेतात. चढायला सुरुवात करण्यापूर्वी सर्वांत खालचा हौद रिकामा आणि वरचे चारही भरलेले असावे लागतात. हा क्रम चुकला तर पाणी काठावरून सांडते किंवा होडी मध्येच अडकते. म्हणून तिथे मदतीला लॉककीपर असतात.

हे सारे पाणी येते कुठून? सर्वांत उंच भागाला फाउलरिज, विंटरबर्न यांसारख्या जलाशयांतून पाणी मिळते. एक लॉक एकदा भरून रिकामे केले की दोन लाख लिटरच्या वर पाणी खाली जाते आणि ते आपोआप परत वर येत नाही. २०१० मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये, पाऊस कमी पडला, जलाशय आटले आणि कालव्याचे मोठे भाग होड्यांना बंद करावे लागले. पावसाचा देश म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, तिथली ही गोष्ट.

म्हणून तिथे काही रीती पाळल्या जातात. लॉक रुंद असल्याने दोन नॅरोबोट शेजारी शेजारी मावतात; मागून कुणी येत असेल तर थांबायचे आणि एकाच पाण्यात दोघांनी जायचे. समोरून होडी येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल, तर पहिला मान तिचा. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना वेग आणखी कमी करायचा, नाहीतर त्यांचे दोर ताणतात आणि आतल्याच्या हातचा चहा सांडतो. आणि निघताना सर्व झडपा बंद आहेत ना, हे पुन्हा एकदा पाहायचे.

ही शेवटची रीत सर्वांत महत्त्वाची. एखादी झडप रात्रभर उघडी राहिली, तर दोन लॉकमधला सगळा टप्पा रिकामा होतो आणि सकाळी कुणाची तरी होडी चिखलात रुतलेली असते. झडप कुणी उघडी टाकली, हे त्या बिचाऱ्याला कधीच कळत नाही. ज्याने परत जाऊन ती नीट लावली, त्याचेही नाव कुणाला कळत नाही. पण कालवा चालतो तो या दुसऱ्या माणसामुळेच.