तिबोटीचं लोकेशन मी देणार नाही

जून लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच विषय. "सर, तिबोटी आला का?" "दादा, यंदा कुठल्या वाडीत?" "लोकेशन टाका ना." तालुक्याची खबर लोकांपर्यंत पोचवणं हे माझं काम, ही एक खबर मात्र मी देत नाही. त्यावरून दोन-तीन जण नाराज आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तिबोटी खंड्या चिमणीएवढासुद्धा नाही. वजन 15-20 ग्रॅम. पोट पिवळंजर्द, पंख गडद निळे, चोच आणि पाय लाल, डोक्यावर नारिंगी-जांभळी झाक. पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पावसाबरोबर आपल्या रायगडात, रत्नागिरीत येतो, पऱ्याच्या काठाला नाहीतर रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या दरडीत आडवं बीळ खणतो आणि आत अंडी घालतो. कर्नाळ्याच्या जंगलात दिसतो, तसाच अभयारण्याबाहेर कुणाच्या तरी मालकीच्या जागेत, बागेच्या कडेलाही दिसतो. असा रंग आणि मागे ओला हिरवा पावसाळा, म्हणजे फोटोवाल्यांचा जीव अडकणारच. माझाही अडकला होता.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका पेपरला बातमी दिली. एका वाडीच्या मागच्या पऱ्यावर तिबोटीची जोडी बीळ करून राहिली होती. मी वाडीचं नाव छापलं, साकवापासून किती पावलं तेही छापलं. फोटोसह चार कॉलम. मला बरं वाटलं, वाडीतली पोरं कात्रण घेऊन नाचली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मुंबई-पुण्याच्या नऊ गाड्या मी स्वतः मोजल्या. बिळासमोर पंधरा-वीस फुटांवर ट्रायपॉडची रांग. मधे येते म्हणून कुणीतरी बिळावर लोंबणारी वेल कोयत्यानं साफ केली होती. पक्ष्यानं नेमकं समोर बसावं म्हणून एकानं वाळकी काटकी मातीत रोवली होती. पोरांना जागा दाखवायचे शंभर-दोनशे रुपये मिळत होते.

वाडीतली एक आजी मला म्हणाली, "भाऊ, तो पक्षी सकाळधरनं तोंडात पाल घेऊन बसलाय. आत का जात नाय?"

मी तोवर त्याच पालीच्या फोटोसाठी धडपडत होतो. चोचीत सापसुरळी, पाल नाहीतर खेकडा धरलेला तिबोटी, हाच फोटो सगळ्यांना हवा असतो, सगळ्यात जास्त लाइक त्यालाच. बिळात शिरण्याआधी तो फांदीवर क्षणभर टेकतो, हे खरं. पण अर्धा-अर्धा तास टेकत नाही. समोर माणसं आहेत म्हणून तो आत जाऊ शकत नसतो. घास चोचीत, पिल्लं आत उपाशी, आणि आपण म्हणतो काय पोज दिलीय! कित्येक 'अप्रतिम' फोटोंमागची गोष्ट एवढीच आहे. त्या दिवशीचे माझे फोटो मी कुठे टाकले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बिळाचं तोंड उकरलेलं होतं, जोडी गायब. मुंगूस असेल, घोरपड असेल, मी पाहिलेलं नाही. पण वेल तोडल्यावर ते तोंड कुणालाही लांबून दिसत होतं, आणि पत्ता छापणारा मी होतो. त्या बिळापाशी काय झालं त्याची बातमी मात्र मी केली नाही.

हिशोब साधा आहे. अंडी उबवायला सतरा-अठरा दिवस, पिल्लं उडायला साधारण वीस. म्हणजे एका बिळाला पाच-सहा आठवडे शांतता हवी, आणि आपल्याला तिथे जायचे शनिवार-रविवार नेमके त्यातच येतात.

"लांबूनच काढतो, हात लावत नाही," असं सांगणाऱ्यांसाठी: वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं. अभयारण्याची पाटी लागायलाच हवी असं नाही. निसर्ग छायाचित्रणाच्या कित्येक चांगल्या स्पर्धा घरट्याजवळचे फोटो घेतही नाहीत. मग हा आटापिटा कोणासाठी?

आता दुसरी बाजू. फोटोवाले सगळे वाईट नाहीत. कुठला पक्षी कुठे, कधी दिसला याच्या नोंदी त्यांच्यामुळेच वाढल्यात. आपल्याच जिल्ह्यात किहीमला सलीम अलींनी सुगरणीची वसाहत महिनोन्‌महिने पाहिली, तीही माणूसच पाहत होता. आणि भर पावसाळ्यात वाडीत दोन पैसे येत असतील, तर पगारदार माणसानं नाक मुरडू नये. माझं म्हणणं, पैसे घ्या, पण बिळाचे नको. पिल्लं उडून गेल्यावर पऱ्याकाठी मासे टिपणारा पक्षी दाखवा. बेडूक दाखवा, रानफुलं दाखवा, जेवण द्या, राहायला द्या. बिळाकडे नेणार नाही असं वाडीनंच ठरवलं, तर बाहेरचा जाईल कोणाला घेऊन?

हे ठरवायला नवीन कायदा नको. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, येत्या ग्रामसभेत विचारा. मी माझ्या गावात विचारलं. आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग कपाटातून एक नोंदवही निघाली. त्यात खंड्याचं नाव होतं, पुढचं पान कोरं. यंदा त्यावर ठराव लिहून घ्यायचा प्रयत्न आहे. झाला तर इथेच टाकीन, नाही झाला तरी टाकीन.

तोवर एवढं करा. बीळ दिसलं तर वनरक्षकाला कळवा, ग्रुपवर टाकू नका. जुना फोटो टाकायचा असेल तर जिल्ह्याच्या पुढे नाव लिहू नका. मोबाइलमधून फोटोसोबत जागा जाते, ते सेटिंग बंद करा, जमत नसेल तर घरातल्या पोराला सांगा.

आणि खाली कॉमेंटमध्ये कुणी वाडीचं नाव लिहिलंत तर मी डिलीट करणार आहे. ओळखीचे असलात तरी. राग मानू नका.