पाडलेल्या घराचे काय करायचे?

पुनर्विकास हा शब्द आता मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत लग्नकार्याइतकाच चर्चिला जातो. वाढीव क्षेत्र किती, पर्यायी जागेचे भाडे किती, कॉर्पस फंड किती, याचा सोसायटीच्या सभांतून कीस पाडला जातो. तो पाडलाच पाहिजे. कित्येकांची आयुष्यभराची पुंजी त्यात गुंतलेली असते. परंतु जी इमारत पाडायची, तिच्या मालमसाल्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. पाडकामाचा ठेकेदार सळया, लाकूड आणि विकण्याजोगी दारे-खिडक्या घेऊन जातो. उरलेले राबिट रात्रीच्या ट्रकमधून कोठल्या तरी खाडीकाठी, तिवरांच्या मुळांवर नाही तर टेकडीच्या पायथ्याशी ओतले जाते.

आपल्याकडे ही रीत नव्हती. जुना वाडा मोडला, तर त्याच्या सागवानी तुळया, खांब आणि घडीव दगड पुढच्या बांधकामात बसत. त्यामागे काटकसर होतीच, पण बांधणीची पद्धतही तशी होती. खाचांत बसविलेले लाकडी सांधे सुटे करता येतात. चुन्यात बसविलेली वीट अखंड निघते. सिमेंटमध्ये बसविलेली निघताना फुटते. आपण टिकाऊपणाच्या नावाखाली सुटे न होणारे बांधू लागलो आणि मग इमारती तीस-चाळीस वर्षांत पाडूही लागलो. वाड्यांची दारे आज ओशिवऱ्याच्या बाजारातून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभेला जातात. तो पुनर्वापर म्हणायचा तर म्हणावा, पण ज्या दाराने घर राखले त्याचे टेबल झाले, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

या बाबतीत नवी मुंबईच्या बेलापूर येथील एक घर पाहण्यासारखे आहे. एस प्लस पीएस आर्किटेक्ट्स या वास्तुविशारद संस्थेने रचलेले हे घर २०१५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा रस्त्याकडील दर्शनी कोपरा मुंबईत पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांचा आहे. उरलेल्या लोखंडी नळ्यांचे तुकडे जोडून उभारलेली भिंत बांबूच्या बनासारखी दिसते आणि पावसाचे पाणीही तिच्यातूनच खाली येते. अंगणाशी मोडलेल्या जुन्या घराचे शतकभरापूर्वीचे खांब पुन्हा उभे आहेत. आधी नकाशा आणि मग सामान, हा नेहमीचा क्रम येथे उलटला. हाती काय आले आहे, ते पाहून भिंत ठरली.

घरालाच नव्हे, बागेलाही हे लागू पडते. चंडीगढ वसविताना जी खेडी उठविली गेली, त्यांचे अवशेष, फुटक्या चिनी मातीच्या वस्तू आणि बांगड्यांचे तुकडे नेकचंद या सरकारी रस्ते-निरीक्षकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप गोळा केले आणि त्यांतून एक उद्यान घडविले. जागा सरकारी, काम विनापरवाना! १९७५ च्या सुमारास ते उघडकीस आले. नियमावर बोट ठेवून ते जमीनदोस्त करणे प्रशासनाला सहज शक्य होते. त्याऐवजी १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना 'पद्मश्री' मिळाली. असा शहाणपणा सरकारी दप्तरात विरळा.

नियमांचा मात्र तुटवडा नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या पाडकामात काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगवेगळे करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोच्या ३८३ क्रमांकाच्या मानकाने राबिटापासून बनविलेली खडी कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के आणि सळयांच्या काँक्रीटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत वापरण्यास मान्यता दिली. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी थेट बांधणाऱ्यावर टाकली. त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. पण ती जबाबदारी २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांपुरती आहे. चार मजल्यांच्या सोसायटीच्या जागी उभा राहणारा एखादा मनोरा बहुधा या जाळ्यातून निसटतो. आपली शहरे तर अशाच इमारतींनी भरलेली आहेत.

सुटे करण्याला वेळ आणि मजूर जास्त लागतात, हे खरे. पर्यायी घरांचे भाडे बिल्डर दरमहा भरत असतो; त्याला घाई असणारच. म्हणूनच ही अट सभासदांनी करारात घालून घ्यावयाची आहे. सागवानी चौकटी, शहाबादी फरश्या, लोखंडी गज यांची यादी पाडकामापूर्वी व्हावी. फुटक्या विटांचा कोबा आणि त्यावर फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक फरशी आपले गवंडी गच्चीवर आजही घालतात. ते सामान बाहेरून विकत आणण्याचे कारण नाही. उरलेले राबिट कोठे उतरले, याची पावती सोसायटीच्या दप्तरी हवी. आणि ती यादी वास्तुविशारदाच्या हाती नकाशा काढण्याआधी पडली पाहिजे. नकाशा मंजूर झाल्यावर जुन्या खिडकीसाठी भिंतीत जागा उरत नाही.