विश्लेषण : मेंदूतील ‘ब्रेक’ पेशींचे प्रकार ६१ की २८? हा आकडा महत्त्वाचा का?

उंदराच्या संपूर्ण मेंदूचा पेशी-नकाशा डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाच हजारांहून अधिक प्रकारांचा आकडा समोर आला. पण ‘प्रकार’ ठरवायचा कशावरून? हा वाद शंभर वर्षे जुना आहे आणि तो केवळ नावांचा नाही.

आकारावरून प्रकार ठरतो का?

मेंदूच्या बाहेरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. त्यातील साधारण ८० टक्के चेतापेशी संदेश पुढे रेटतात, उरलेल्या त्याला लगाम घालतात. या दुसऱ्या, म्हणजे अवरोधक पेशींनीच शास्त्रज्ञांना जास्त छळले आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींची चित्रे काढली, त्यांना १९०६ मध्ये नोबेल मिळाले. पुढे झुंबरासारखी दिसणारी ती ‘शँडेलियर’, टोपलीसारखे जाळे विणणारी ती ‘बास्केट’ अशी नावे रूढ झाली. मात्र २०१३ मधील एका अभ्यासात ४२ तज्ज्ञांना पेशींची तीच चित्रे दाखवली, तेव्हा शँडेलियरवर एकमत झाले. इतर अनेक नावांवर झाले नाही.

जनुकांनी वाद मिटला?

एकेका पेशीतील आरएनए वाचला की तिची कोणती जनुके चालू आहेत ते कळते. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये उंदराच्या कॉर्टेक्सच्या दोन भागांतील २३,८२२ पेशी अशा तपासल्या आणि १३३ प्रकार मांडले. त्यात अवरोधक ६१. पण हे गट संगणक पाडतो आणि चाळणी किती बारीक ठेवायची ते माणूस ठरवतो. क्लस्टरिंगचा कोड लिहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असते : उंबरठा जरा सरकवा, आकडा बदलतो.

म्हणून ‘पॅच-सीक’ आले. जिवंत पेशीला काचेची अतिसूक्ष्म नळी लावून आधी तिचे विद्युत स्पंद मोजतात, मग त्याच नळीने आतील द्रव्य ओढून आरएनए वाचतात. पेशीत रंगद्रव्य सोडून तिचा आकारही टिपतात. २०२० मध्ये उंदराच्या कॉर्टेक्सच्या दृष्टीशी संबंधित भागातील ४,२०० हून अधिक अवरोधक पेशी अशा तपासल्या. आकार, वीज आणि जनुके यांचा मेळ घातल्यावर प्रकार उरले २८. आकडा लहान आहे, पण तिन्ही कसोट्यांवर टिकलेला असल्याने अधिक भरवशाचा वाटतो.

रुग्णांना याचे काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ८४ मृत व्यक्तींनी दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्झायमरमध्ये ‘सोमॅटोस्टॅटिन’ गटातील अवरोधक पेशी लवकर नष्ट होऊ लागतात, असे त्यात दिसले. सगळ्या चेतापेशी एकत्र मोजल्या असत्या तर ही घट कदाचित नजरेतून सुटली असती.

लहान मुलांच्या ‘ड्रॅव्हे सिंड्रोम’ या फिट्सच्या आजाराचे उदाहरण आणखी बोलके आहे. यात सोडियम चॅनेलच्या जनुकातील दोषाने प्रामुख्याने अवरोधक पेशीच दुबळ्या पडतात. त्यामुळे सोडियम चॅनेल रोखणारी फिट्सवरील काही नेहमीची औषधे या मुलांचे झटके उलट वाढवू शकतात. आधीच ढिला असलेला ब्रेक ती आणखी सैल करतात.