अंगावरचे दूध आणि विमानतळाची तपासणी

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या तरुण आईला कंपनीच्या कामासाठी बंगळूर किंवा दिल्लीला विमानाने जावे लागणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. पण बाळाला पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत ते द्यावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. म्हणजे रजा संपली तरी पाजणे संपत नाही.

बाळ शिरूरला किंवा दौंडला आजीपाशी आणि आई तीन दिवस परगावी असली, तरी तिला दर तीन-चार तासांनी दूध काढावेच लागते. स्तन रिकामे होत राहिले तरच नवे दूध तयार होते. दूध साठून राहिले तर गाठी होतात, दुखते, कधी ताप येऊन स्तनदाह होतो आणि हळूहळू दूधच कमी होते. असे कष्टाने काढून ठेवलेले दूध परतीच्या वाटेवर विमानतळावर अडवले गेले, तर नुकसान बाळाचे होते.

द्रव पदार्थांवरचे बंधन ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यानंतर आले. हातातील सामानात प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची आणि त्या सर्व एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्याच, असा तो नियम. तो मुख्यतः आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे आणि त्यातून औषधे व बाळाचे अन्न वगळलेले आहे. अमेरिका आणि ब्रिटनने तर बाळ सोबत नसले तरी आईला दूध नेता येईल, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. मात्र ब्रिटनमध्ये गोठवलेले दूध हातातील सामानात चालत नाही, हे तिकडे लेकीकडे-सुनेकडे येणे-जाणे असलेल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे ही सूट साधारणपणे बाळासह प्रवास करणाऱ्यांचा विचार करून दिली जाते. एकट्या आईच्या पिशवीत दुधाच्या बाटल्या दिसल्या, की निर्णय बहुतेक वेळा समोरच्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर राहतो.

नियम स्पष्ट होईपर्यंत आईने आपली तयारी करावी. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या थंड पेटीत २४ तास टिकते. हॉटेलातून निघून विमानतळ, तपासणी, उड्डाण आणि पुढे लोहगावहून नगर रस्त्याची कोंडी पार करत शिरूर, किंवा सोलापूर रस्त्याने दौंड, हा हिशेब सहज सात-आठ तासांवर जातो. उन्हाळ्यात थंड पेटीला पर्याय नाही. बाटल्यांवर दूध काढल्याची तारीख आणि वेळ लिहावी. पेटी हातातच ठेवावी, कारण खाली दिलेले सामान उशिरा आले तर दूध खराब होते. तपासणीच्या रांगेत लागतानाच ‘यात आईचे दूध आहे’ असे सांगावे आणि पेटी वेगळी काढून द्यावी. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने दूध बिघडत नाही. घरी आल्यावर ते गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करावे, थेट गॅसवर उकळू नये. बाळाने उष्टावलेले दूध पुन्हा साठवू नये.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा घरोघरी सांगितली जाते आणि तिच्याच नावाने एसटी स्थानकांत स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. म्हणजे काढून ठेवलेले दूध हे बाळाचे अन्नच, हे या राज्याने तीन दशकांपूर्वीच मान्य केले आहे.

आता हवाई सुरक्षेच्या यंत्रणेने तेवढेच लेखी सांगावे: बाळ सोबत असो वा नसो, आईचे दूध आणि ते थंड ठेवणारी बर्फाची पाकिटे तपासून जाऊ द्यावीत. ही सूचना लोहगावसह प्रत्येक विमानतळाच्या तपासणी कक्षाबाहेर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावावी. कारखान्यांनीही पाजत्या आईला परगावी पाठवताना राहण्याच्या ठिकाणी फ्रीज आहे का, मधल्या वेळी दूध काढायला बंद खोली मिळेल का, एवढे आधी पाहावे. यात खर्च फारसा नाही, पण अनेक बाळांचे दूध त्यामुळे तुटणार नाही.