औषध विम्यात, चाचणी विम्याबाहेर

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे, म्हणजे कंपनीने ज्यांचा खर्च द्यायचा नाही अशा बाबींचे, प्रमाणीकरण केले, तेव्हा तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आणि इंजेक्शनने द्यायची इम्युनोथेरपी यांसह बारा आधुनिक उपचारपद्धती वगळण्यास कंपन्यांना मज्जाव झाला. यांतले कोणते औषध कोणत्या रुग्णाला द्यायचे हे ज्या चाचणीवरून ठरते, तिच्याविषयी मात्र असे बंधन घातले गेले नाही.

व्यक्तिविशिष्ट उपचार या चाचणीवरच उभे असतात. गाठीतील जनुकीय बदल किंवा पेशींवरील विशिष्ट प्रथिने, ज्यांना बायोमार्कर म्हटले जाते, ती शोधून त्यांना लागू पडणारे औषध निवडणे हे या पद्धतीचे सूत्र होय. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या पूर्व आशियाई रुग्णांवरील ‘आयपास’ अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केमोथेरपीच्या तुलनेत जेफिटिनिब घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकाचे उत्परिवर्तन होते त्यांचा रोग बळावण्याचा धोका निम्म्याहून किंचित कमी झाला, तर ते नसलेल्यांचा धोका पावणेतीन पटींहून अधिक वाढला. एकच गोळी एकाला तारते आणि दुसऱ्याचे नुकसान करते, हे यातून आकड्यांनिशी दिसल्यावर चाचणीला उपचाराबाहेरची बाब मानणे शास्त्राला धरून नाही.

प्रमाणित अपवादांतील ‘तपासणी व मूल्यमापन’ हे चौथे कलम या संदर्भात बारकाईने वाचण्यासारखे आहे. केवळ निदानासाठी रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च मिळत नाही, असे त्याचा पहिला भाग सांगतो, आणि चालू निदानाशी व उपचाराशी संबंध नसलेल्या तपासण्या दुसरा भाग वगळतो. दुसरा भाग उलट बाजूने वाचला, तर उपचार ठरवणारी चाचणी नाकारण्यास आधार उरत नाही. तरीही हा सरळ अर्थ रुग्णाच्या पदरात पडत नाही, कारण बहुतेक विमा करार रुग्णालयातील वास्तव्याभोवती बांधलेले असून दाखल होण्यापूर्वीच्या, साधारणतः तीस किंवा साठ दिवसांतल्या, तपासण्यांचा खर्च मूळ दावा मंजूर झाला तरच देय ठरतो. बाह्यरुग्ण विभागात काढलेला गाठीचा तुकडा, तो मेणात बसवून जनुकीय प्रयोगशाळेकडे गेलेला पॅराफिन ब्लॉक आणि शेवटी घरी रोज घ्यायची एक गोळी, या वाटेवर रुग्णालयाची खाट येतच नाही. खर्च पदरमोड करूनच भागवायचा असल्याने चाचण्या ऐपतीप्रमाणे एकेक करून मागवल्या जातात आणि सुईने मिळालेला इवलासा नमुना दुसऱ्या-तिसऱ्या चाचणीतच संपून रुग्णाला पुन्हा बायोप्सीसाठी बोलावण्याची वेळ येते.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये बायोमार्कर चाचणीला विमा संरक्षण सक्तीचे केले व पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. या कायद्यांतून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्यांची कसोटी: औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात चाचणी नमूद असावी, मेडिकेअर या केंद्रीय योजनेने ती मान्य केलेली असावी किंवा राष्ट्रीय मान्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत तिची शिफारस असावी. तेथे मालक कंपन्या स्वतःच्या पैशातून चालवत असलेल्या विमा योजना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. भारतात विम्याचे नियमन केंद्रीय असल्याने ती अडचण उद्भवत नाही.

सरसकट सर्व चाचण्यांची मागणी मात्र टिकणारी नाही. शेकडो जनुके वाचणाऱ्या पॅनेलच्या अहवालात असेही बदल असतात ज्यांवर आज औषध नाही, आणि अशा चाचण्यांच्या खर्चाचा भार अखेर सर्वांच्याच हप्त्यावर पडेल. म्हणून मागणी औषधाशी जोडलेली असावी: ज्या औषधाचा खर्च करारानुसार देय आहे, त्याची पूर्वअट असलेली चाचणीही, रुग्ण दाखल असो वा नसो, देय मानावी. निकाल नकारार्थी आल्यास पुढे त्या औषधाचा दावाच उभा राहत नाही, तरीही चाचणीचे पैसे मिळाले पाहिजेत, कारण निरुपयोगी औषधाचा मोठा खर्च वाचवणारी चाचणी तीच असते.

तोवर कर्करोगतज्ज्ञांनी मागणीपत्रावर नुसते ‘जनुकीय तपासणी’ असे लिहू नये. निदान, रोगाचा टप्पा, विचाराधीन औषध आणि निकालानुसार बदलणारा निर्णय या चारही गोष्टी तेथे स्पष्ट नोंदवाव्यात. नाकारलेला दावा विमा लोकपालांपुढे गेला, तर चाचणी उपचाराचाच भाग होती हे दाखवायला रुग्णाच्या हाती तोच कागद असतो.