बंब तांब्याचा, नळ कशाचा?

दहिवलीत हल्ली जो कोणी घर बांधतो, त्याच्याकडे वास्तुशांतीच्या आधी एक सल्लागार येतोच. तो कर्जत लोकलने येतो, स्टेशनवर वडे खातो आणि आपल्या अर्धवट भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून विचारतो, "गरम पाण्याचा नळ तांब्याचाच ना?" आमच्याकडे हे काम मेव्हण्यांनी केलं. "भावोजी, प्लॅस्टिक? अहो, आपले पूर्वज..."

पूर्वज निघाले की मी सावध होतो. आमच्या पूर्वजांकडे गरम पाण्याचा नळच नव्हता. बंब होता, आणि बंबापासून न्हाणीपर्यंत बादली माणूस उचलून नेत असे. (ते माणूस म्हणजे बहुधा आजी.) मेव्हण्यांनी मग इजिप्त काढलं. अबूसीरला साहुरे राजाच्या पिरॅमिडपाशी तांब्याचे नळ सापडले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. खरी गोष्ट आहे. पण ते सांडपाण्याचे होते! ज्याला मोरीसुद्धा तांब्याची परवडते, त्याचा दाखला मला कशाला?

गैरसमज नको. बंबाचा मी भक्त आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला बंब पाहिला की मला हात जोडावेसे वाटतात. पण तो तांब्याचा का? शोभेसाठी नव्हे. मधल्या नळकांड्यातल्या विस्तवाची धग भोवतालच्या पाण्याला झटकन मिळावी म्हणून. तांबं उष्णता हातात धरून ठेवत नाही, लगेच पुढे देतं. बंबात हाच त्याचा मोठा गुण. आणि नळात? नळात पाणी आधीच तापलेलं असतं. तिथे पुढे द्यायचं म्हणजे भिंतीला द्यायचं. माझ्या पैशाने मी भिंतीला आंघोळ का घालू?

गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसी नळातून उष्णता तांब्याच्या मानाने अडीच हजारपट कमी वाहते. म्हणून पाणीही तितकंच जास्त गरम राहतं असं मात्र नाही. भोवतालची हवा दोघांनाही थोडीफार सांभाळून घेते. पण फरक पडतो. "मग तांब्यावर वेष्टण घाला," मेव्हणे म्हणाले. म्हणजे आधी महागाचं तांबं घ्यायचं, मग थंडी वाजते म्हणून त्याला स्वेटर शिवायचा!

आरोग्याचा मुद्दा तर ऐकूच नये. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात काही जंतू मरतात, हे कबूल. पण आंघोळीचं पाणी रात्रभर मुरवून पितो कोण? शिवाय हे घर सोमवार ते शुक्रवार कुलपात. तांबं भंगारात वजनावर विकलं जातं, हे ज्यांना नेमकं ठाऊक असतं ते शनिवारपर्यंत थांबत नाहीत. आणि सांधा गळला तर तांब्याला धगीवर झाळ देणारा कारागीर शोधा. प्लॅस्टिकचा सांधा गावातला पोरगा डिंक लावून जोडतो आणि "काका, आज पाणी सोडू नका" म्हणून निघूनही जातो.

प्लॅस्टिकचे नखरे मला ठाऊक आहेत. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला घालूच नये. साठ अंशांच्या पुढे त्याचा भरवसा नाही. सीपीव्हीसी त्र्याण्णव अंशांपर्यंत तग धरतो, पण तापला की तांब्याच्या जवळजवळ चौपट लांबतो. दहा मीटरचा नळ चाळीस अंशांनी तापला तर इंचभर! म्हणून त्याला कुठेतरी वळसा द्यावा, भिंतीत आवळून गाडू नये. उन्हात उघडा ठेवू नये, रंग द्यावा. मे महिन्यात गच्चीवरचा सौर बंब कोणी वापरला नाही तर पाणी उकळीला येतं, तेव्हा टाकीच्या तोंडाचा पहिला तुकडा धातूचाच हवा. तो तांब्याचा घाला, माझी हरकत नाही. हातभर तांबं मी मेव्हण्यांच्या नावाने बसवलंसुद्धा.

त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. "पण आंघोळीला तांब्या तरी तांब्याचा आहे ना?" ते म्हणाले. आमच्याकडचा तांब्या निळ्या प्लॅस्टिकचा आहे, आणि त्यांच्या डोंबिवलीच्या घरातला हिरव्या.